सात फूट एक इंच

बाईंकडे जायच्या दिवशी आमचे हे शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. घरात शिवणकाम, इस्त्री दिवसभर तापलेली, जगाच्या कॉलरी मी कडक करून देते, पण त्या दिवशी मी हात पुढे केला की, "असू दे, मी करतो." महिन्याचा पहिला सोमवार. बावीस वर्षं हे चालू होतं.

हे पियानो लावतात. वाजवत नाहीत, दुसऱ्यांचे पियानो सुरात आणून देतात. शाळा, क्लब, दोन हॉटेलं आणि काही बड्या लोकांची घरं. बाकी ठिकाणांहून परत आले की पाठ धरलेली, नखांत काळं आणि तोंडानं कुरकुर. कुठे उंदरांनी आतलं सगळं कुरतडलंय, कुठे कोणी झाकणावर फुलदाणी उलटवलीय. बाईंकडून येताना मात्र गल्लीच्या टोकापासून शीळ ऐकू यायची. मग जेवताना सांगणार, "आज मधला एक स्वर किंचित उतरला होता. मी बोलायच्या आधी बाईंनीच पकडला." मी म्हणायची, "वा." आणि वाढताना डाव जरा जोरात आपटायची.

बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या हे मला ठाऊक होतं. माझ्या हेव्याला वयाचा दाखला लागत नाही.

एका सोमवारी शीळ आली नाही. हे आत आले, बूट न काढता खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि भिंतींकडे बघायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई भाचीकडे राहायला चालल्यात. तिसऱ्या मजल्यावर. पियानो तिथे चढत नाही."

"मग?"

"मला देतायत."

"काय?"

"पियानो. बाई म्हणाल्या, कारागीर, तुमच्याशिवाय ह्याच्या पोटात कोणी हात घातलेला नाही, तुम्हीच न्या."

हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या वाक्यानं त्यांचा आवाज कापल्याचं मला आठवत नाही. त्या पियानोला शाळेच्या हॉलकडूनही मागणी होती. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी दहाला गाडी येणार, ती एकतर आमच्याकडे वळणार, नाहीतर शाळेकडे. बाईंना त्याआधी काय ते कळवायचं होतं.

आता आमचं घर म्हणजे दोन खोल्या. आतली स्वयंपाकाची, बाहेरची उरलेल्या सगळ्याची. बाहेरच्या खोलीत माझं कापड कापायचं टेबल, शिलाई मशीन, पलंग, कपाट, ह्यांची खुर्ची, आणि मधे जी जागा राहील तिच्यात आम्ही दोघं. हा पियानो काही भिंतीला चिकटून उभा राहणाऱ्यातला नव्हता. आडवा पसरलेला ग्रँड पियानो, तीन पायांची सवत. तिला अख्खी खोली हवी होती.

त्या संध्याकाळी हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. कपाट वर बहिणीकडे द्यायचं. माझी नणंद आमच्या डोक्यावरच राहते. पलंग मोडीत काढायचा आणि गादी पियानोखाली घालायची. "खाली चिक्कार जागा असते, उठून बसतासुद्धा येतं." खुर्ची नको, स्टूल पुरे. जेवायचं आत, ओट्याशी उभ्यानं. मी वाट बघत होते, आता टेबलाचं नाव काढतील, आता काढतील. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तर म्हणाले, "तुझ्या टेबलाला मात्र हात लावायचा नाही हं. ते आहे तिथेच राहील."

भांडायला तेवढं एक कारण माझ्या हाताशी होतं, तेही काढून घेतलं.  तुला हवा आहे का, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

नणंद खाली आली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "वहिनी, हत्ती पाळताय म्हणे. पाहुणे आले तर बसवणार कुठे, सोंडेवर?"

"झाकण लावलं की टेबलासारखंच असतं ते," हे म्हणाले, आणि लगेच घाबरून म्हणाले, "पण त्याच्यावर कप ठेवायचा नाही. काहीच ठेवायचं नाही."

"दादा, तू लग्नात वहिनीबद्दल एवढं बोलला नव्हतास," नणंद हसत वर गेली. तिनं सहज मारलेला दगड. पण लागला नेमका.

अडचण अशी होती की नुसती लांबी-रुंदी मोजून भागत नव्हतं. त्या पियानोची एक बाजू सरळ, दुसरी पोटाशी आत वळलेली, आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरच्या खोलीत उघडतं. ते दार त्या वळणात मावतं की आपटतं, यावर सगळं होतं. हे म्हणाले, "तू कागद काढशील? पूर्ण मापाचा? जमिनीवर अंथरला की कळेल. तुझा हात कधी चुकत नाही."

मी हो म्हणाले. मला एकदा तिथे जायचंच होतं. पियानो बघायला नव्हे.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी पाच हात लांब खाकी कागद चिकटवून चिकटवून तयार केला होता, गुंडाळी काखेत. बाईंनी स्वतः दार उघडलं. ठेंगण्या, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात कोपरांवर झिजलेला स्वेटर. मी बावीस वर्षांत न बघितलेली एक बाई मनात उभी केली होती, तिच्या गळ्यात मोती होते. ही तर माझ्याकडे कपडे दुरुस्तीला टाकून जाणाऱ्यांतली दिसत होती. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

"या कारागीर," त्या म्हणाल्या. "आणि ह्या तुमच्या मिसेस. बसा, चहा टाकते."

चहा आला. बाईंनी माझ्या कपात साखर घातली, स्वतःच्या घातली, ह्यांचा कप तसाच पुढे केला.

"ह्यांना दोन चमचे लागतात," मी म्हणाले.

बाई गोंधळल्या. "इथे तर बिनसाखरेचाच घेतात. पहिल्यापासून."

हे कपात बघत राहिले. मी रोज दोन वेळा, दोन दोन चमचे घालत आले होते, आणि हा माणूस सव्वीस वर्षं तो पाक निमूट पीत आला होता. गोड होतंय, एवढं मला सांगता आलं नाही त्यांना. बाईंना पहिल्याच दिवशी सांगता आलं.

मग बाई म्हणाल्या, "कागद काढण्याआधी एकदा वाजवते. पुन्हा कधी..." वाक्य तिथेच सोडून त्या बसल्या. काय वाजवलं ते मला कळलं नाही, मला त्यातलं काही कळत नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे खिडकीशी उभे होते, डोळे मिटलेले, आणि कपाळावरची एकेक आठी सैल होत चाललेली. मी त्या माणसाशेजारी झोपते. झोपेतसुद्धा त्यांचा चेहरा असा होत नाही.  दोघांत काही भानगड असती तर एक वेळ बरं. वेणी धरून भांडता आलं असतं. इथे भांडायला काहीच नव्हतं. एक म्हातारी वाजवत होती आणि माझा नवरा ऐकत होता.

वाजवून झाल्यावर मी कामाला लागले. झाकण बंद केलं, त्यावर कागद पसरला, चार ठिकाणी वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि पियानोच्या कडेकडेनं कागद दाबत अंगठ्याच्या नखानं घडी उठवत गेले. वळणावर हात आपोआप हळू झाला. लाकूड थंड होतं आणि इतकं गुळगुळीत की मला ते आवडू नये असं वाटत असतानाही आवडलं. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमचा हात छान आहे हो." मी मान हलवली. मला त्यांच्याकडून काही नको होतं, कौतुकसुद्धा.

घरी आल्यावर तो कागद टेबलावर घेतला, कात्री चालवली आणि संध्याकाळी जमिनीवर अंथरला. पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता, कपाट बाहेर ओढलं होतं. खाकी पियानो खोलीत आडवा पडला. हे दाराशी गेले, स्वयंपाकघराचं दार हळूहळू उघडलं. दार वळणापर्यंत आलं आणि कागदाच्या कडेवर चढलं. बोटभर. जेमतेम एक इंच.

हे कागद इकडे सरकवून बघतील, तिकडे तिरका करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. आधी कागदाकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं."

"दार काढून टाकता येईल," मी म्हणाले. उगाच, चांगुलपणा म्हणून.

"नको. तुझं माप आहे म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन करून बसत नाही म्हणून सांगितलं. मी मशीनवर होते, कान फोनकडे. फार बोलले नाहीत. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोन कोट पुरे केले. कपाट आत आलं, पलंग आडवा झाला. मी जिंकले होते आणि त्यासाठी मला बोटसुद्धा उचलावं लागलं नव्हतं.

बुधवारी दुपारी एका कोटाच्या कॉलरसाठी जाड कागद हवा होता. कोपऱ्यात पियानोचा कागद गुंडाळून ठेवला होता, तोच टेबलावर पसरला. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. त्या उन्हात कागदावर एक रेघ दिसली. नखाची घडी. काठापासून इंचभर आत, काठाला धरून, वळणावर वळत, सगळीकडे सारखं अंतर ठेवून चाललेली.

मला समजायला वेळ लागला नाही. मी कागद फारसा कापत नाही. सरळ कापडावर खडूनं आखते आणि रेघेच्या बाहेर इंचभर शिलाई सोडून कापते. तीस वर्षांत एकदाही रेघेवर कात्री चालवलेली नाही. रेघेवर कापलं तर शिवायला काय राहणार? हातानं पियानोलाही शिलाई सोडली होती. चहूबाजूंनी एक इंच.

मला आधी हसू आलं. एकटीच खो खो हसले. मग मी खुर्चीवर बसले, आणि माझ्या लक्षात आलं की हे कोणालाही माहीत नाही.

दार उघडत होतं. पियानो बसत होता. बाईंना एक फोन केला की झालं. मी त्या फोनकडे बघितलं. आणि मला दिसलं ते हेच, की तो घरात येईल आणि हे रोज तसे डोळे मिटतील, माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर, आणि ते माझ्यामुळे नसेल. मी खाली गादीवर पडेन आणि माझ्या छातीवर बाईंचा पियानो असेल.

मी कात्री घेतली आणि तो कागद कापून टाकला. आधी कॉलर काढली, मग बाह्यांचे आकार, मग खिशांचे. कागद वाया घालवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळपर्यंत घडी कुठे होती हे मलाही सांगता आलं नसतं.

हे रागावले असते, तोंड पाडून बसले असते, तर माझं निभावलं असतं. पण हे चांगले वागायला लागले. गुरुवारी बाजारातून माझ्यासाठी सुया आणल्या, न सांगता. शुक्रवारी संध्याकाळी लवकर आले ते एक फळी घेऊन. म्हणाले, "तुझी दोऱ्याची रिळं कायम खाली लोळत असतात. इथे जागा आहे, लावून टाकतो." ज्या भिंतीशी पियानोची शेपूट येणार होती, तीच भिंत. पेन्सिलीनं खुणा करून त्यांनी भोकं पाडायला सुरुवात केली. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "तो कागद चुकीचा होता. मी शिलाई सोडून कापला. सवयीनं. पियानो बसतो इथे."

हे वळले नाहीत. भोकातला भुगा फुंकरीनं उडवला आणि म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो पियानो सहा फूट अकरा इंच आहे. बावीस वर्षं त्याच्यावर ओणवा झालोय मी. तुझा कागद सात फूट एक होता. अंथरलास तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

आता ते वळले. "मला वाटलं, तुला नकोय. तोंडावर म्हणवत नसेल म्हणून असं सांगितलंस. आणि मी तरी कुठे विचारलं होतं? कपाट, पलंग, सगळं परस्पर ठरवून मोकळा झालो. म्हटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ही नाही म्हणतेय, तर ऐकावं."

"मुद्दाम नाही केलं हो मी. शपथ. हातानं झालं."

"असेल," ते म्हणाले. "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, म्हटलं असतं तर संपलं असतं. "परवा," मी म्हणाले.

"परवा," ते म्हणाले. बस, एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बंद होताना मी बघितलं. इतके दिवस त्यांच्या लेखी मी आडून का होईना, नाही म्हणणारी बायको होते आणि त्यांनी माझा मान ठेवला होता. त्या एका शब्दानं मी दोन दिवस लपवून चहा देणारी बायको झाले.

त्यांनी हातातलं यंत्र टेबलावर ठेवलं. "गाडी उद्या दहाला आहे. आत्ता फोन केला तर अजून होईल. म्हणून आता विचारतो. हवा की नको?"

हवा म्हणणं किती सोपं होतं. ते खूश झाले असते, मी धुतल्या तांदळासारखी झाले असते, नणंदेला आठ दिवस बोलायला विषय मिळाला असता. मी तोंड उघडलंही त्यासाठीच.

"नको," मी म्हणाले.

"का?"

"जळफळाट होतो माझा. बाईंकडे तुम्ही जसे असता तसे इथे कधी नसता. साखर नको हेसुद्धा त्यांना सांगता, मला नाही. तो घरात आला तर तुम्ही बाईंकडेच राहायला गेल्यासारखं होईल, फक्त माझ्या डोळ्यांदेखत."

 मग ह्यांचा चेहरा लाल झाला, आधी कान, मग गळा. सव्वीस वर्षांत शर्ट जळला तरी "असू दे", दूध उतू गेलं तरी "असू दे" म्हणणारा माणूस. त्या माणसानं माझ्या टेबलावर अशी थाप मारली की टाचण्यांची डबी उडून खाली पडली.

"राग आलाय मला," ते म्हणाले. "जन्मभर लोकांच्या तारा ताणल्या मी. लोकांच्या घरात, लोकांच्या वेळेला, उभ्या उभ्या. एकदा, एकदाच काहीतरी माझं होत होतं. आणि तू परवापासून गप्प? समोर बसून जेवलीस? सुया दिल्या तेव्हा हसलीस माझ्याकडे बघून?" आवाज चढत गेला. वर नणंदेची पावलं चालता चालता थांबली. "साखरेचं बोलतेस. तू पहिल्या दिवशी इतक्या हौसेनं दोन चमचे घातलेस, नको कसं म्हणणार होतो? बाईंच्या चहाला मी नाही म्हणू शकतो, कारण त्यांना काय वाटेल ह्याची मला पडलेली नाही."

त्यांचा प्रत्येक शब्द खरा होता. मला लाज वाटली, पुरती वाटली. त्यांचं काय गेलं ते मी बघत होते, आणि ते मीच घालवलं होतं. माझं नको मात्र नकोच होतं. दुसऱ्या दिवशी दहाला गाडी आली ती शाळेकडेच गेली.

पण तेव्हा, त्या संध्याकाळी, हे माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून ओरडत होते, मान फुगलेली, डोळ्यांत पाणी. असे ते कधी कोणासमोर झाले नसतील. मी उठून दार लावून घेतलं आणि त्यांच्या पुढ्यात येऊन बसले.

"बोला," म्हटलं. "सगळं बोला."

ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले. एवढा राग त्यांनी बाईंना कधी दाखवला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही मी बाईंच्या वाट्याला जाऊ दिला नसता.